मधुमेहाच्या फायलीत हिरड्यांचं पान

बेंगळुरूच्या के. आर. मार्केटची गर्दी संपते न संपते तोच व्हिक्टोरिया रुग्णालयाचं आवार लागतं. १८९७ मध्ये या रुग्णालयाची कोनशिला बसली आणि १९०० मध्ये लॉर्ड कर्झनच्या हस्ते ते सुरू झालं. पुढं १९५५ मध्ये बेंगळुरू मेडिकल कॉलेज आणि १९५८ मध्ये सरकारी दंत महाविद्यालय या परिसरात उभं राहिलं. म्हणजे रक्तातली साखर तपासणारे डॉक्टर आणि हिरड्या तपासणारे डॉक्टर इथं एकमेकांपासून पायी काही मिनिटांवर आहेत. तरीही आपल्या देशातल्या वैद्यकाच्या व्यवस्थेत या दोघांमधलं अंतर फार मोठं आहे. साखरेची फाइल वेगळी, दातांची चिठ्ठी वेगळी. बेंगळुरू काय, पुणे काय, बेळगाव काय, बहुतेक मधुमेही ही दोन कागदपत्रं दोन वेगळ्या पिशव्यांत घेऊन वर्षानुवर्षं हिंडतात, आणि ती एकमेकांशेजारी ठेवून कुणी वाचत नाही.

तोंड आणि बाकीचं शरीर यांची ही वाटणी जुनी आहे. १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंत महाविद्यालय निघालं, तेच मुळात वैद्यकीय महाविद्यालयापासून स्वतंत्र. आपल्याकडं १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात दंतवैद्यकाचं शिक्षण सुरू केलं आणि १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानं या व्यवसायाला स्वतःची परिषद मिळाली. त्यातून दंतवैद्यकाची भरभराट झाली, यात शंका नाही. पण अभ्यासक्रम वेगळा, परिषद वेगळी, दवाखाना वेगळा, आणि बहुतेक आरोग्यविम्यांत अपघात सोडला तर दातांचा खर्च वगळलेला, असं सगळं झाल्यावर रुग्णाच्या मनातही एक समजूत घट्ट बसली: दात म्हणजे दातच, त्यांचा बाकीच्या शरीराशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. वाढलेली साखर हिरड्या बिघडवते. बिघडलेल्या हिरड्या साखर वाढवतात. मधुमेह सांभाळणाऱ्या प्रत्येकानं डोळ्यांची आणि पायांची तपासणी जशी ठरवून करायची, तशीच हिरड्यांचीही करायला हवी.

हा विषय किती घरांचा आहे, हे आकडे सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळानं झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण निघालं ते गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागं एकाहून थोडं जास्तच. हिरड्यांचं चित्रही वेगळं नाही. दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत ३५ ते ४४ या वयोगटातल्या जवळजवळ ९० टक्के लोकांच्या हिरड्यांत काही ना काही दोष आढळला होता. यात नुसतं रक्त येणं आणि कीटण साचणंही धरलेलं आहे, त्यामुळं सगळेच दात पडण्याच्या वाटेवर होते असं नाही. पण दोन्ही आजार एवढे पसरलेले असताना ते एकाच माणसात भेटणार, हे उघड आहे.

आधी हिरडी समजून घेऊ. ती दाताभोवती सदऱ्याच्या कॉलरसारखी बसलेली असते. कॉलर आणि दात यांच्यामध्ये एक बारीक चर असतो. निरोगी तोंडात तो साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल. दात घासल्यावर काही तासांतच या चराच्या काठाशी जंतूंचा चिकट थर बसू लागतो. याला प्लाक म्हणतात. ब्रशनं तो निघाला नाही, तर लाळेतले क्षार त्यात साचून त्याचं कीटण होतं. प्लाक घरी निघतो. कीटण मात्र डेंटिस्टकडेच काढावं लागतं.

हा थर साचला की काय होतं, हे हेराल्ड लोए या नॉर्वेजियन संशोधकानं १९६५ मध्ये दाखवून दिलं. डेन्मार्कमधल्या ऑऱ्हूस इथं त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. त्यात बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. दहा दिवस ते तीन आठवडे एवढ्या काळात झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणं पुन्हा सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांच्या सुजेची ही पहिली पायरी अशी परतीची असते. पण दुर्लक्ष झालं तर सूज खोल उतरते, चराची खोली ४, ५, ७ मिलिमीटरपर्यंत जाते, आणि दात धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. याला पेरिओडाँटायटिस म्हणतात. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी ‘पायरिया’ असायचा तो हाच. एकदा झिजलेलं हाड बहुतांशी परत येत नाही. आणि हे सगळं होत असताना बहुधा दुखत नाही. दाढ किडली की रात्रभर झोप लागू देत नाही. हिरडी मात्र निमूटपणे हाड सोडत जाते.

आता यात साखर आणू. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटते आणि त्यांचं रूप बदलते. हिरडीचा मुख्य धागा असलेलं कोलॅजन याच तडाख्यात सापडतं. ते ताठर होतं आणि त्याची डागडुजी मंदावते. साखर चिकटलेली ही प्रथिनं संरक्षक पेशींवरच्या विशिष्ट ग्राहकांना (रिसेप्टर्सना) जाऊन भिडतात आणि त्या पेशी सूज वाढवणारी द्रव्यं गरजेपेक्षा कितीतरी जास्त सोडू लागतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मधुमेही उंदरांमध्ये हे ग्राहक रोखून पाहिले, तेव्हा हिरड्यांच्या आजारानं होणारी हाडाची झीज कमी झाली. दुसरीकडं, जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी मधुमेहात नीट काम करत नाहीत, बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, लाळ कमी होऊन तोंड कोरडं पडतं. म्हणजे जंतू तेच, प्लाक तेवढाच. पण मधुमेह्याच्या तोंडात त्याचं नुकसान जास्त आणि भरपाई कमी. नियंत्रणात असलेल्या मधुमेहात मात्र हा धोका बराच कमी राहतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

माणसांमध्ये हे ठळकपणे दिसलं ते अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, गिला नदीच्या काठी राहणाऱ्या पिमा या मूळनिवासी समाजात. या समाजात टाइप २ मधुमेहाचं प्रमाण प्रचंड. तिथल्या १९९१ च्या अभ्यासात मधुमेह्यांना हिरड्यांचा गंभीर आजार होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट निघाला. दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, ऑऱ्हूसचा प्रयोग करणाऱ्या त्याच हेराल्ड लोएनं एक लेख लिहून हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. आधीच्या पाच सगळ्यांना ठाऊक होत्या: डोळे, मूत्रपिंडं, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांच्या नजरेतूनही हे सुटलेलं नव्हतं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात प्रमेह, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो तो विकार, होण्याआधीची लक्षणं दिली आहेत. त्यांत हातापायांची आग, तहान, गोड लघवी यांच्याबरोबर टाळू, घसा, जीभ आणि दात यांवर मळ साचणं आणि श्वासाला दुर्गंधी येणं यांचीही नोंद आहे. जंतू माहीत नव्हते, इन्सुलिन माहीत नव्हतं. पण रुग्णाची लघवी आणि रुग्णाचं तोंड या गोष्टी एकाच वैद्यानं, एकाच बैठकीत पाहिल्या होत्या. आज नेमकी तीच बैठक मोडली आहे.

उलट दिशेचा प्रवास समजायला थोडा वेळ लागला. सुजलेल्या हिरडीतून जंतू आणि त्यांचे अंश रक्तात जातात, आणि सूज वाढवणारी द्रव्यंही जातात. त्यांतलं एक म्हणजे टीएनएफ-अल्फा. योगायोगानं १९९३ मध्येच गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगेलमन यांनी उंदरांवर दाखवलं, की हे द्रव्य इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतं. म्हणजे कुठंही रेंगाळणारी सूज शरीराला इन्सुलिनला जुमानेनासं करू शकते. पिमा समाजातल्या १९९६ च्या अभ्यासात याचा पुरावा मिळाला: ज्यांच्या हिरड्यांचा आजार गंभीर होता, त्यांची साखर पुढच्या दोनेक वर्षांत हाताबाहेर जाण्याचा धोका सुमारे सहापट निघाला.

मग हिरड्या बऱ्या केल्या तर साखर उतरते का? इथं विज्ञानाची वाट सरळ नव्हती. २०१३ मध्ये अमेरिकेत ५१४ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत हिरड्यांच्या उपचारांनी साखरेत फरक पडला नाही. त्यावर बरीच चर्चा झाली. त्या रुग्णांच्या दातांवर उपचारांनंतरही पुष्कळ प्लाक उरला होता, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला. २०१८ मध्ये लंडनमध्ये २६४ रुग्णांवर चाचणी झाली, तीत उपचार जास्त कसून आणि जास्त काळ केले गेले. वर्षाअखेरीस त्या रुग्णांचं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी, दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ०.६ नं कमी निघालं. २०२२ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं अशा ३५ चाचण्या एकत्र तपासल्या आणि तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ इतकी घट नोंदवली.

हा आकडा नीट वाचायला हवा. ८.० असलेलं एचबीए१सी साधारण ७.६ वर येतं. एवढ्यानं मधुमेह बरा होत नाही, गोळी बंद होत नाही, इन्सुलिन सुटत नाही. पण साखर उतरता उतरत नसलेल्या माणसाला आणखी एक गोळी जोडण्याआधी त्याच्या हिरड्या पाहाव्यात, एवढं वजन या आकड्याला नक्कीच आहे. आणि साखर काहीही म्हणो, दात वाचतात ते वेगळंच.

दंत महाविद्यालयातल्या हिरड्यांच्या विभागात ही तपासणी कशी होते, ते एकदा जवळून बघावं. खुर्चीशी एक विद्यार्थिनी उभी असते, दुसरी तक्ता घेऊन बसलेली. पहिलीच्या हातात प्रोब नावाची बारीक, खुणा केलेली सळई. ती सळई हिरडी आणि दात यांच्यातल्या चरात हलकेच उतरवायची आणि खोली मोजायची. एका दाताभोवती सहा ठिकाणी. आकडे मोठ्यानं सांगितले जातात: तीन, दोन, तीन. पुढचा दात. दोन, तीन, तीन. मागच्या दाढांपाशी आकडे चढतात: पाच, सहा, सात. सळई बाहेर आली की चराच्या तोंडाशी रक्ताचा ठिपका उमटतो, त्याचीही तक्त्यावर खूण होते. २८ दात असतील तर १६८ नोंदी होतात. आरशात गुलाबी, ठीकठाक दिसणारं तोंड या तक्त्यावर वेगळीच गोष्ट सांगतं.

तोंडभर हिरड्यांचा आजार असला तर या सगळ्या चरांच्या आतल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ संशोधकांनी ८ ते २० चौरस सेंटिमीटर असं मोजलं आहे. एवढी उघडी, जंतूंनी भरलेली जखम मधुमेह्याच्या पायाला झाली असती, तर घरातल्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. तोंडात ती असते म्हणून दिसत नाही, आणि दुखत नाही म्हणून कुणी विचारत नाही.

म्हणूनच डेंटिस्टची खुर्ची मधुमेह ओळखण्याचीही जागा होऊ शकते. कोलंबिया विद्यापीठातल्या २०११ च्या एका अभ्यासात डेंटिस्टकडं आलेल्या, मधुमेह असल्याचं ठाऊक नसलेल्या लोकांचे खोल चर आणि पडलेले दात मोजले. चार किंवा अधिक दात पडलेले, किंवा सव्वीस टक्के किंवा अधिक चर खोल, एवढ्या दोनच खुणांवरून न कळलेला मधुमेह किंवा पूर्व-मधुमेह असलेल्यांपैकी ७३ टक्के लोक हेरता आले. जोडीला बोटातून रक्त काढून एचबीए१सी पाहिलं, तर ९२ टक्के. आपल्याकडं तर २०२१ मध्ये करोनानंतरच्या म्युकरमायकोसिसनं, म्हणजे ‘काळ्या बुरशी’नं, हा धडा फार क्रूरपणे दिला. तो आजार वेगळा, पण अनियंत्रित साखर आणि अचानक हलू लागलेले वरचे दात ही जोडी तेव्हा महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कितीतरी रुग्णांत दिसली.

वाटेत काही समजुती आडव्या येतात. पहिली म्हणजे, ‘दात साफ केले की ते हलायला लागतात.’ खरं तर हाड आधीच झिजलेलं असतं आणि दातांना जखडून ठेवणारा कीटणाचा थर निघाल्यावर ते हलणं आणि दातांमधल्या फटी जाणवू लागतात. सफाईनं ते घडत नाही, उघड होतं. दुसरी, ‘हिरडीतून रक्त येतंय, तर तिथं ब्रश लावू नये.’ रक्त येतं ते बहुधा तिथं प्लाक साचल्यामुळं; तिथंच मऊ ब्रशनं हलक्या हातानं घासायला हवं. तिसरी, ‘शुगर थोडीशीच आहे, गोळी चालू आहे, ते डेंटिस्टला कशाला सांगायचं?’ थोडीशी म्हणजे किती, हे अहवालावरूनच ठरतं. त्यामुळं तो अहवाल दाखवायलाच हवा.

आणि चौथी गोष्ट मिश्रीची. भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लावायची सवय आपल्या खेड्यापाड्यांतल्या, आणि शहरात आलेल्याही, अनेक बायकांना आहे. दात साफ करण्याच्या वस्तूंत तंबाखू वापरण्यावर केंद्र सरकारनं १९९२ मध्येच बंदी घातली, तरी घरोघरची सवय सुटलेली नाही. तंबाखूतल्या निकोटिननं हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळं रक्त कमी येतं आणि ‘माझ्या हिरड्या घट्ट आहेत’ असं वाटत राहतं. आतमध्ये मात्र हाड झिजतच असतं. मधुमेह आणि तंबाखू एकत्र आले की हिरड्यांचं नुकसान झपाट्यानं होतं. मिश्री लावणाऱ्या मावशींना, काकूंना हे रागावून नव्हे, जवळ बसून सांगायला हवं.

दात गेले की ताटही बदलतं. कोशिंबीर, मोड आलेली कडधान्यं, भाजलेले शेंगदाणे, ज्वारीची भाकरी, सालासकट फळ, हे सगळं चावायला लागतं. चावता येईना की माणूस मऊ पदार्थांकडं वळतो: मऊ भात, चहात बुडवलेलं बिस्किट, बेंगळुरूच्या दर्शिनीत उभ्या उभ्या इडली, केसरीबात आणि साखर घातलेली कॉफी. तंतुमय पदार्थ कमी होतात, पीठ-साखर वाढते आणि एचबीए१सी पुन्हा वर सरकतं. आहारतज्ज्ञानं लिहून दिलेला तक्ता पाळायला तोंडात दात असावे लागतात.

मग करायचं काय? मधुमेहाचं निदान झालं, की डोळ्यांच्या तपासणीसारखीच हिरड्यांचीही तपासणी करून घ्यावी, आणि ती प्रोबनं करा असं स्वतःहून सांगावं. त्यानंतर हिरड्या ठीक असतील तर वर्षातून एकदा-दोनदा. आजार असेल तर डेंटिस्ट सांगतील तसं, बहुधा तीन-चार महिन्यांनी. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, मऊ ब्रश हिरडीच्या काठाशी तिरका धरून दात घासावेत. दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथं फ्लॉस किंवा फटींसाठीचा छोटा ब्रश वापरावा. नुसत्या गुळण्यांनी प्लाक निघत नाही. कवळी असेल तर ती रोज घासावी आणि रात्री काढून ठेवावी.

डेंटिस्टकडं जाताना ताजा एचबीए१सी अहवाल आणि चालू औषधांची यादी न्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगावी. सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता करून आणि नेहमीची औषधं घेऊन जावं. उपाशीपोटी गेलं तर साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. दात काढायचा म्हणून इन्सुलिन किंवा गोळी आपल्या मनानं बंद करू नये. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, असं काही झालं तर भेटीच्या वेळेची वाट न बघता ताबडतोब रुग्णालय गाठावं.

यातलं बरंच रुग्णाच्या हातात आहे, पण सगळं त्याच्यावर टाकणं न्याय्य नाही. कर्नाटक सरकारची ‘दंत भाग्य’ योजना गरीब ज्येष्ठांना मोफत कवळी देते. ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी हे मोठंच काम आहे. पण कवळी ही शेवटची पायरी. तिच्याआधीची वीस वर्षं, जेव्हा हिरड्यांतून नुसतं रक्त येत होतं, तेव्हाची काळजी फार स्वस्त पडते. आज बेंगळुरूच्या प्रभागांत ‘नम्म क्लिनिक’ आहेत, मुंबईत ‘आपला दवाखाना’ आहे. तिथं गल्लीतल्या माणसाची साखर तपासली जाते. त्याच टेबलावर आणखी तीन प्रश्न विचारायला एक रुपयाही लागत नाही: ‘दात घासताना रक्त येतं का? एखादा दात हलतो का? तोंडाला सतत वास येतो का?’ एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर जवळच्या दंत महाविद्यालयाची चिठ्ठी लिहून द्यावी. देशात सर्वाधिक दंत महाविद्यालयं असलेल्या राज्यांत कर्नाटक आणि महाराष्ट्र आहेत, तेव्हा चिठ्ठी घेऊन जायचं कुठं हा प्रश्न निदान शहरांत तरी नाही.

तोवर आपल्या घरापुरती सुरुवात करायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या वेळी आई-वडिलांना साखरेच्या डॉक्टरांकडं न्याल तेव्हा हिरड्यांबद्दल विचारा, आणि डेंटिस्टकडं न्याल तेव्हा साखरेचा अहवाल बरोबर ठेवा. दोन्ही कागद एकाच फायलीत लावा. ही फाइल वाचणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला मग तोंड वगळून मधुमेह पाहता येणार नाही.